मांजराचा सूड नव्हे, मूत्राशयाची कळ

"मी दोन दिवस परगावी गेले, म्हणून तिनं मुद्दाम माझ्या गादीवर शू केली." मांजर पाळणाऱ्यांकडून हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की त्यावर लिहायलाच हवं. घडलेलं खरंच असतं, चुकतो तो त्याचा अर्थ. सूड घ्यायचा तर आज ओल्या केलेल्या गादीचा त्रास परवा परतणाऱ्या माणसाला होईल, हा हिशेब मांजराला मांडता यायला हवा. मांजर असा हिशेब मांडतं याला पुरावा नाही. बाहेरची घडामोड मूत्राशयापर्यंत कशी पोचते याचे पुरावे मात्र आहेत, आणि ते सूडकथेपेक्षा कितीतरी विलक्षण आहेत.

आधी एक फरक ओळखायला हवा. उभ्यानं, शेपटी थरथरवत भिंतीवर थोडीशी धार मारणं ही हद्दीची खूण असते. नसबंदी न झालेले बोके ती जास्त करतात आणि नसबंदीनंतर बहुतेकांची ही सवय सुटते. खाली बसून गादीवर किंवा फरशीवर शू करणं ही वेगळी गोष्ट. तिथे आधी लिटर बॉक्स, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ठेवलेला डबा, पाहावा: तो अस्वच्छ आहे का, गोंगाटाच्या जागी आहे का, त्यातलं लिटर (वाळूसारखा भरावा) सुवासिक आहे का? हे सगळं ठीक असेल तर मूत्राशयाकडे वळायचं.

तरुण मांजर पुन्हा पुन्हा थेंबथेंब शू करू लागलं, त्यात रक्त दिसलं, की जंतुसंसर्ग झाला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दहा वर्षांखालच्या मांजरांत जंतू क्वचितच सापडतात. निम्म्याहून अधिक वेळा ना जंतू असतात, ना खडा. या आजाराला फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात. 'इडिओपॅथिक' म्हणजे ज्याचं नेमकं एक कारण हाती लागलेलं नाही असा.

मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. पाणी वाचवण्यासाठी त्याची मूत्रपिंडं लघवी माणसापेक्षा कितीतरी दाट करतात. असा दाट, क्षारयुक्त द्रव तासन्‌तास साठवायचा म्हणून मूत्राशयाला आतून पेशींचं घट्ट अस्तर आणि त्यावर बुळबुळीत शर्करायुक्त रेणूंचा थर असतो. आजारी मांजरांत हे संरक्षण दुबळं झालेलं आढळतं. मग लघवीतलं पोटॅशियम अस्तराखालच्या वेदनावाहक चेतातंतूंपर्यंत झिरपतं. हे तंतू मेंदूला कळ कळवतात आणि त्याच वेळी आपल्या टोकांतून 'सबस्टन्स पी' नावाचं रसायनही सोडतात. त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, मास्ट पेशी (शरीराच्या संरक्षक पेशींपैकी एक) हिस्टामिन हे दाह वाढवणारं रसायन ओततात आणि तंतू आणखी हुळहुळे होतात.

दुसरी बाजू मेंदूकडून येते. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचं चिमुकलं केंद्र आहे. धोका जाणवला की तिथून नॉरॲड्रिनॅलिन या शरीराला सावध करणाऱ्या रसायनाची यंत्रणा चेतवली जाते. या मांजरांत ते रसायन बनवण्याच्या साखळीतलं टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) वाढलेलं दिसतं. निरोगी शरीरात मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक या उसळीला आवर घालतं. इथे उसळी मोठी आणि आवर तोकडा. चेतलेल्या चेतासंस्थेमुळे अस्तर आणखी झिरपू लागतं, कळ वाढते, कळेमुळे मेंदू पुन्हा सावध होतो, आणि चक्र पुरं होतं.

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 12 निरोगी आणि 20 आजारी मांजरांवर 77 आठवडे लक्ष ठेवलं. निष्कर्ष 2011 साली आले. जेवणाची वेळ किंवा सांभाळणारी माणसं बदलली त्या आठवड्यांत निरोगी मांजरांनीसुद्धा खाणं कमी केलं आणि बॉक्सबाहेर घाण केली. घरातलं माणूस दोन दिवस नाहीसं होणं हा मांजराच्या दृष्टीनं असाच बदल. त्यात बॉक्समध्ये बसलं की कळ येते, म्हणून मांजर बॉक्सच टाळू लागतं.

अशा मांजराचं नाक ओल्या जागी घासणं म्हणजे त्या चक्राला आणखी एक धक्का देणं. अद्दल घडवण्याचा हा उपाय अजून सांगितला जातो याची मला चीड येते. तसंच चमत्कारी पावडरींचं. हा झटका बहुतेक मांजरांत आठवडाभरात आपोआप ओसरतो, त्यामुळे त्या आठवड्यात जे काही दिलं असेल त्याला श्रेय मिळतं.

खरा उपयोग होतो तो लघवी पातळ होण्याचा आणि दिवस ठरलेल्या लयीत जाण्याचा: ओलं अन्न, भरपूर पाणी, जेवणाची ठरलेली वेळ, लपायला आडोसा, बसायला उंच जागा आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त बॉक्स, तेही वेगवेगळ्या ठिकाणी.

बोक्याच्या बाबतीत मात्र थांबून चालत नाही. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. श्लेष्मा आणि स्फटिकांचं बूच बसलं की लघवी पूर्ण तुंबते, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि एकदोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. बोका पुन्हा पुन्हा जोर करतोय आणि थेंबही पडत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री पशुवैद्याकडे न्यावं.