कॉन्ट्रिब्युटर आणि मेंटेनर, दोघांत गल्लत करू नका

आमच्याकडे देवबागला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला लागले की वाटेने जाणारा माणूससुद्धा दोराला हात लावतो, थोडी मासळी घेतो आणि घरी जातो. पण जाळं सुकवणं, फाटलेलं दुरुस्त करणं, होडी सांभाळणं हे ज्यांची रापण त्यांनाच बघावं लागतं, मासळी मिळो न मिळो.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघू-बदलू शकतो असं सॉफ्टवेअर, तिथे पण असंच आहे. कॉन्ट्रिब्युटर म्हणजे पॅच (कोडमधला बदल) पाठवणारा, बग (कोडमधली चूक) कळवणारा, भाषांतर करून देणारा, त्याचं काम मर्ज झालं, म्हणजे मूळ कोडात घेतलं गेलं, की तो मोकळा आणि त्यात काहीच चूक नाही. मेंटेनर तो पॅच वाचतो, घ्यायचा की नाही ठरवतो, आणि एकदा घेतला की तो कोड त्याच्या गळ्यात, सहा महिन्यांनी तिथे काही मोडलं तर लोक त्यालाच धरतात. पैशावरून ओळखायला जाऊ नका, बरेचदा दोघंही फुकटच राबत असतात.

लायनक्स कर्नल, म्हणजे लायनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्यात तर मेंटेनर्स नावाची फाईलच आहे, कुठला भाग कोण बघतं ते नावानिशी, आणि पुढे शेरा, पगारी माणूस बघतोय, कोणीतरी बघतंय, जमेल तसं, नाहीतर सरळ 'ऑर्फन'. अशा अनाथ भागालाही पॅच येऊ शकतात बरं का, पण तो भाग माझा म्हणणारं कोणी नसतं.

गल्लत किती महाग पडते ते एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या टूलमधे दिसलं. जिया तान नावाने कोणीतरी दोनेक वर्षं चांगले पॅच पाठवत राहिलं, मूळ मेंटेनर एकटा आणि थकलेला, वर दुसऱ्या खात्यांवरून तगादा की मेंटेनरचे हक्क दुसऱ्याला द्या, शेवटी जिया तानला दिले, आणि २०२४ मधे ५.६.० नि ५.६.१ या आवृत्त्यांमधून बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, बाहेर पडलं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून सापडलं. त्या एकट्या मेंटेनरला दोष द्यायला माझं मन होत नाही, एवढं जग ते वापरत होतं आणि जाळं विणायला एकच माणूस.

म्हणून खरंच हातभार लावायचा असेल तर नवीन फीचर पाठवायच्या आधी जुने इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी) उघडा आणि कुठला बग अजून येतो, कुठला नाही एवढं करून बघून लिहा. गेल्या पावसाळ्यात लाईट असेल तेव्हा मी एका छोट्या टूलचे चाळीस इश्यू असे तपासले, त्यातले अकरा कधीचेच सुटले होते, फक्त बंद करायला कोणाला वेळ झाला नव्हता.