‘देव झेपेल तेवढेच ओझे देतो’ : एक खुलासा

‘देव झेपेल तेवढेच ओझे देतो’ असे थकलेल्या पाळकाला (ख्रिस्ती मंडळीच्या धर्मसेवकाला) सर्रास ऐकवले जाते आणि आधार म्हणून बायबलमधील 1 करिंथ 10:13 हे वचन दाखवले जाते. परंतु ते वचन मूर्तिपूजा व पापाच्या मोहासंबंधी आहे, मंडळीच्या कामाच्या भारासंबंधी नाही. उलट 2 करिंथ 1:8 मध्ये प्रेषित पौल आशिया प्रांतातील संकटाचा भार आपल्या शक्तीपलीकडचा होता, असे मोकळेपणाने लिहितो (हे वचन मात्र कोणी ऐकवत नाही). इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला सर्व लोकांचा भार एकट्याने वाहवेना, तेव्हा देवाने त्याच्यावरील आत्म्यातून काही घेऊन तो लोकांच्या 70 वडीलजनांवर (प्रमुखांवर) ठेवला (गणना 11), आणि मोशे पुढारी राहिलाच. प्रेषितांनीही (येशूच्या निवडलेल्या शिष्यांनीही) अन्नवाटप सात जणांकडे सोपवून प्रार्थना व वचनाची सेवा स्वतःकडे ठेवली (प्रेषितांची कृत्ये 6).