मिश्र ताफ्याची क्लब-शर्यत (विंडसर्फर व शिडाच्या होड्या)

शिडाच्या लहान होड्या (डिंगी) आणि विंडसर्फर (शीड लावलेल्या फळ्या) यांनी एकाच मार्गावर उतरून खेळलेली स्थानिक नौकाक्लबची शर्यत. वेगवेगळ्या जातीच्या नौका एकत्र धावत असल्याने कोण आधी पोहोचले यावरून निकाल लागत नाही. प्रत्येकाला लागलेला वेळ त्याच्या नौकेसाठी ठरलेल्या आकड्याने (हँडिकॅप) दुरुस्त करून क्रमांक लावतात. ही प्रथा ब्रिटनमधील खाड्या व जलाशयांवरील क्लबांत विशेष रुजली. तिचे कारण साधे आहे. बहुतेक क्लबांत फळ्यांची संख्या त्यांची स्वतंत्र शर्यत भरवण्याइतकी नसते.

विंडसर्फरला सुकाणू नसते. डोलकाठी फळीवर सर्व बाजूंना झुकणाऱ्या सांध्यात बसवलेली असते. ती पुढे झुकवली की फळीचे टोक वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवली की वाऱ्याकडे. शीड दोन्ही बाजूंनी वेढणारा वक्र दांडा (विशबोन बूम) हाताने धरून खेळाडू उभ्याने ही कसरत करतो.

ही फळी प्रथम कोणी केली याबद्दल मतभेद आहेत. पेनसिल्व्हेनियातील न्यूमन डार्बी यांनी १९६४ च्या सुमारास शिडाची फळी तयार केली आणि तिची माहिती ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाच्या ऑगस्ट १९६५ च्या अंकात आली. तिचे शीड पतंगाच्या आकाराचे होते व खेळाडू त्याला पाठ टेकून उभा राही. कॅलिफोर्नियातील हॉइल श्वाइट्झर आणि विमान-अभियंता जिम ड्रेक यांचे प्रयोग १९६७ चे. त्यांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला व १९७० मध्ये ते अमेरिकेत मंजूर झाले. तिसरा दावा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेलिंग बेटाचा. तेथे पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्ये अशीच फळी चालवली होती.

हा तिसरा दावा कदाचित कौटुंबिक आठवण म्हणूनच उरला असता. तो कागदोपत्री आला तो खटल्यामुळे. श्वाइट्झर यांच्या ‘विंडसर्फिंग इंटरनॅशनल’ कंपनीने ‘टॅबर मरीन’ या कंपनीवर ब्रिटनमध्ये पेटंटभंगाचा दावा लावला. बचाव पक्षाने चिल्व्हर्सची फळी पुढे केली. तिचा बूम दोन सरळ लाकडी दांड्यांचा होता, पेटंटातला बूम वक्र. तेव्हा दोन्ही एकच कसे, असा वादाचा मुद्दा. शिडात वारा भरला की ते सरळ दांडेही वाकून कमानदार होत, हे न्यायालयाला महत्त्वाचे वाटले. १९८४ मध्ये अपील न्यायालयाने ब्रिटिश पेटंट अवैध ठरवले. एखादा शोध तज्ज्ञाला सहज सुचण्याजोगा होता का, हे तपासण्याची या निकालातील चार पायऱ्यांची कसोटी पेटंट वकिलांत आजही ‘विंडसर्फिंग’ याच नावाने चालते. त्यांतील बहुतेकांनी फळीवर पाय ठेवला असण्याची शक्यता कमीच. कालक्रमाने चिल्व्हर्सची फळी पहिली मानावी लागते. मात्र तिची परंपरा पुढे चालली नाही. क्लबांच्या पाण्यावर जी फळी आली ती कॅलिफोर्नियाच्या फळीची वंशज आहे, आणि प्रसाराचा विचार करता ड्रेक-श्वाइट्झर यांचे श्रेय अधिक ग्राह्य वाटते.

हेलिंग बेटाच्या पश्चिमेस लँगस्टन खाडी आहे. डिंग्यांच्या वेगांची तुलना करणारी ‘लँगस्टन कोष्टके’ स्टॅन्ली मिलेज यांनी १९४७ च्या सुमारास याच परिसरात मांडली. ब्रिटनमधील नौकानयनाची संघटना रॉयल यॉटिंग असोसिएशनने पुढे ती उचलली आणि ‘पोर्ट्समथ यार्डस्टिक’ या नावाने ती देशभर गेली. लागलेला वेळ × १००० ÷ नौकेचा आकडा, एवढेच तिचे गणित. लेझर या एकट्याने चालवायच्या डिंगीचा आकडा सुमारे ११०० आहे. समजा, एका फळीला क्लबने ९०० दिला. लेझर ५५ मिनिटांत आली तर तिचा दुरुस्त वेळ ५० मिनिटे. फळी ४८ मिनिटांत येऊनही तिचा वेळ ५३ मिनिटे २० सेकंद. सात मिनिटे आधी किनाऱ्याला लागलेला खेळाडू निकालात मागे पडतो.

आकडा गणिती सूत्राने नव्हे, तर प्रत्यक्ष शर्यतींच्या निकालांवरून ठरतो आणि वेळोवेळी बदलतो. डिंगीला तो बऱ्यापैकी बसतो, कारण वारा वाढला तरी डिंग्यांचा आपापसांतील क्रम फारसा उलटापालटा होत नाही. फळीचे तसे नाही. आखूड फळी मंद वाऱ्यात जवळजवळ जागेवर राहते, आणि वारा पुरेसा झाला की पाण्याच्या पृष्ठावर उचलली जाऊन डिंग्यांना सहज मागे टाकते. पाण्याखालच्या पंखावर (फॉइल) तरंगणाऱ्या नव्या फळ्यांत हा फरक आणखी तीव्र आहे. मध्यभागी खाली सरकणारे पाते (डॅगरबोर्ड) असलेली लांब फळी त्या मानाने समंजस. मिश्र शर्यतीला तीच सोयीची. अमेरिकन पोर्ट्समथ पद्धतीत एकाच नौकेला ब्यूफोर्ट मापाच्या ०–१, २–३, ४ व ५–९ अशा वाऱ्याच्या गटांनुसार निरनिराळे आकडे मिळतात. फळ्यांच्या दृष्टीने ही सोय अधिक न्याय्य आहे. मात्र दर शर्यतीत वारा मोजून नोंदवावा लागतो.

नियमांतही दोघांचे पूर्ण जुळत नाही. आंतरराष्ट्रीय शर्यत-नियमांचे ‘परिशिष्ट बी’ फळ्यांसाठी आहे. शीड हाताने झटकून वेग घेणे (पंपिंग) डिंगीला नियम ४२ एरवी करू देत नाही, फळीला मात्र त्याची मुभा आहे. वळणाच्या बोयाला डिंगी लागली तर दंड. फळी लागली तर चालते, पण बोया धरून ठेवायचा नाही. डिंगी स्टारबोर्डवर (उजवीकडून वारा) आहे की पोर्टवर (डावीकडून वारा), हे वारा कोणत्या बाजूने येतो यावरून कळते. फळीच्या बाबतीत बूमवरचा कोणता हात डोलकाठीजवळ आहे ते पाहतात. उजवा असेल तर स्टारबोर्ड. हात एकमेकांवरून गेलेले धरायचे नाहीत, असेही व्याख्येत नमूद आहे. मिश्र शर्यतीत यांतले काय लागू, हे क्लबने आपल्या शर्यत-सूचनांत स्पष्ट केलेले बरे.

वेळेच्या दुरुस्तीऐवजी पाठलाग-शर्यतही भरवतात. संथ नौका आधी सुटते, वेगवान शेवटी, आणि ठरलेल्या वेळी जो पुढे तो जिंकतो. १६०० आकड्याच्या नौकेला ६० मिनिटे दिली, तर ११०० ची नौका १८ मिनिटे ४५ सेकंदांनी सुटते. फळ्या बहुधा अगदी शेवटी.

ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग १९८४ पासून आहे, महिलांसाठी १९९२ पासून. तेथे फळ्या फक्त फळ्यांशी, एकाच नमुन्याच्या साधनावर लढतात.

भारतात या खेळाची सूत्रे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे आहेत. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत इबाद अली यांनी आरएस:एक्स या फळीच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. मुंबईच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबात (स्थापना १८४६) ‘सीबर्ड’ या एकाच आराखड्याच्या होड्यांची परंपरा आहे. त्यांच्या आपसांतील शर्यतीत हँडिकॅपचा प्रश्न येत नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारे मंद असतात आणि दुपारनंतर खारे वारे जोर धरतात. तेथे फळीला एकच आकडा दिला, तर तो सकाळी जाचक आणि दुपारी खैरातीचा ठरेल.