रेफ्रीचा कल आणि ‘स्पष्ट व उघड चूक’

फुटबॉलमध्ये रेफ्रीच्या पक्षपाताचा विषय निघाला की फोन आणि सेटिंगचीच चर्चा होते. त्याला २००६चं इटलीतलं प्रकरण कारणीभूत आहे. क्लबचे पदाधिकारी आणि रेफ्री नेमणारे यांची फोनवरची बोलणी बाहेर आली, तुरिनच्या बड्या क्लबची दोन विजेतेपदं गेली आणि त्याची रवानगी दुसऱ्या श्रेणीत झाली.

पण प्रामाणिक रेफ्रीही एका बाजूला झुकतो, हे त्याआधीच दिसलं होतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० रेफ्रींना इंग्लंडमधल्या एकाच सामन्यातले ४७ टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावण्याचे प्रयत्न, दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, उरलेल्यांना आवाज बंद करून. गलका ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. स्पेनच्या लीगमध्ये नव्वदच्या दशकात यजमान एका गोलने मागे असले की भरपाईचा वेळ वाढायचा, एका गोलने पुढे असले की शिट्टी लवकर वाजायची. २०२० मध्ये स्टेडियम रिकामी झाली आणि पाहुण्यांना जास्तीची मिळणारी पिवळी कार्डं बरीच कमी झाली.

२०१८ साली व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रीचा निर्णय तपासणारी व्यवस्था, नियमांत आलं ते गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दिलेलं कार्ड एवढ्यापुरतं. त्यातही अट ‘स्पष्ट आणि उघड चूक’ असण्याची. इथेच घोडं पेंड खातं. गोलपुढच्या बॉक्समधल्या धक्क्यावर रेफ्रीने पेनल्टी दिली, तर चूक उघड नाही म्हणून ती कायम. तोच धक्का त्याने सोडून दिला असता, तर तेही कायम! पेनल्टी होती का, हे पडद्यापुढच्या माणसाला कुणी विचारतच नाही. मैदानातला निर्णय अगदीच चुकलाय का, एवढंच तो पाहतो. म्हणजे गर्दीच्या ओरड्याने पहिली शिट्टी जिकडे झुकली, तिकडेच पारडं राहतं. ऑफसाइडला ही सूट नाही. बूट बचावपटूच्या बोटभर पुढे असला तरी गोल रद्द. जिथे माणसाचा अंदाज चालतो, नेमकं तिथेच त्या अंदाजाला कवच दिलं आहे, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

रेफ्री स्वतः व्हिडिओ पाहतो तो मॉनिटरही मैदानाच्या कडेला, स्टँडच्या पुढ्यातच. रेफ्री एका हाताने कानातलं यंत्र दाबून पडद्यावर वाकतो, तेव्हा तेच हजारो लोक त्याच्या डोक्यावर ओरडत असतात.

कतारच्या २०२२च्या विश्वचषकात वाया गेलेला वेळ काटेकोर मोजून भरून दिला गेला. इंग्लंड-इराण सामन्याच्या पहिल्याच सत्रात १४ मिनिटं वाढली. २०२३च्या महिला विश्वचषकात रेफ्री तपासणीनंतरचा निर्णय माइकवरून सांगू लागल्या. पण चूक उघड नाही म्हणून त्यांना मॉनिटरकडे बोलावलंच नाही, अशा प्रसंगी व्हिडिओ खोलीत काय ठरलं ते स्टेडियममधल्या कुणालाच ऐकू आलं नाही.