तुरीच्या शेंगेवरची काडी: पिसारी पतंगाची जात ठरवायची कशी

दिवाळी उलटली की तूर फुलांवरून शेंगांवर येते. संध्याकाळी बांधाच्या कडेने चालताना झाडाला हलका धक्का बसला, की वाळक्या काडीचा तुकडा उडाल्यासारखं काहीतरी दोन-चार हात लांब जातं आणि पुन्हा पानावर टेकतं. जवळून पाहिलं तर अंगाला काटकोनात दोन्हीकडे ताणलेले, सुरळी करून काडीइतके बारीक केलेले पंख दिसतात. मधे सडपातळ पोट, आणि अंगाच्या मानाने फारच लांब, नाजूक पाय. आकार हुबेहूब इंग्रजी टी अक्षराचा. तुरीच्या शेंगा नासवणाऱ्या तिघांपैकी घाटे अळी सगळ्यांना ठाऊक असते, शेंगमाशी बऱ्याच जणांना. हा तिसरा, पिसारी पतंग, समोर बसलेला असूनही नजरेतून सुटतो.

मात्र ‘पिसारी पतंग’ हे एका जातीचं नाव नाही. ते टेरोफोरिडी या अख्ख्या कुलाचं नाव आहे आणि त्यात जगभरात हजाराहून जास्त जाती आहेत. तुरीवरची जात एक्झेलास्टिस अ‍ॅटोमोसा. दुधी भोपळा आणि वालावर स्फेनार्किस प्रजातीतले पतंग सापडतात. घाणेरीच्या फुलांत लँटॅनोफॅगा पुसिलिडॅक्टायला असतो. घाणेरी आटोक्यात यावी म्हणून १९०२ साली मेक्सिकोहून हवाईला जे कीटक मुद्दाम नेले, त्यांत हाही होता. घेटुळीवर आणखी वेगळा, कमरखाच्या फुलांवर आणखी वेगळा. आणि यातले बहुतेक मातकट, तपकिरी, पंखविस्तार जेमतेम दीड सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून फोटोवर बोट ठेवून ‘हा तुरीचाच’ असं सांगणं धाडसाचं आहे. (वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात. इथे प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, आणि जाती म्हणजे त्यातली एकेक.)

सुरुवात पंखांच्या चिरांपासून करायची. पुढच्या पंखाला टोकाकडून एक खाच असते, त्यामुळे त्याचे दोन भाग होतात. मागच्या पंखाला दोन खाचा, म्हणून तीन भाग. प्रत्येक भागाच्या कडेला लांब केसाळ झालर असते, त्यामुळे तो पिसासारखा दिसतो. एका बाजूला दोन अधिक तीन, अशी पाच पिसं. शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ साली यातल्या एका पांढऱ्या पतंगाला ‘पेंटाडॅक्टायला’, म्हणजे पाच बोटांचा, हे नाव दिलं ते यावरूनच. नावाच्या शेवटी ‘-डॅक्टायला’ लावायची ती रीत या कुलात पुढेही चालू राहिली. अ‍ॅल्युसिटिडी या शेजारच्या कुलात प्रत्येक पंखाची सहा पिसं, चार पंखांची मिळून चोवीस. ते पतंग बसताना पंख जपानी पंख्यासारखे पसरून बसतात, काडी करत नाहीत. तेवढ्यावरून ती दोन कुलं वेगळी काढता येतात. अ‍ॅगडिस्टिससारख्या काही प्रजातींत पंख चिरलेलेच नसतात, तरी त्या टेरोफोरिडीतच मोडतात. अशा वेळी मागच्या पंखाची खालची बाजू भिंगाखाली बघायची. तिथे शिरेवर जाड, गडद खवल्यांची दुहेरी ओळ असते. ही ओळ या कुलाची पक्की खूण मानली जाते.

कुल कळलं की काम सोपं होईल असं वाटतं. खरी अडचण इथून पुढे आहे.

प्रजातीपर्यंत जायला तीन गोष्टी मोजाव्या लागतात. पहिली, पुढच्या पंखावरची खाच किती खोल आहे. पंखाच्या मुळापासून खाचेच्या तळापर्यंतचं अंतर पंखाच्या एकूण लांबीने भागायचं. हे गुणोत्तर रंगापेक्षा कितीतरी भरवशाचं, कारण जुन्या नमुन्याचा रंग विटतो, खवले झडतात, खाच मात्र तशीच राहते. दुसरी, मागच्या पंखाचं तिसरं पीस. त्याच्या झालरीत बऱ्याच प्रजातींमध्ये काळपट खवल्यांचा एक छोटा झुपका असतो, करवतीच्या एखाद्या दातासारखा. तो आहे की नाही, आणि असल्यास मुळाशी, मधे की टोकाजवळ, हे नोंदवायचं. पतंग बसलेला असताना हे पीस पुढच्या पंखाखाली दडलेलं असतं. शेतातल्या सुंदर फोटोवरूनही प्रजाती ठरत नाही ती यामुळेच. तिसरी गोष्ट पायांची. मागच्या पायांवरचे काटे किती लांब आहेत आणि जोडीतले दोन्ही सारखे आहेत का, ते पाहायचं. पाय मात्र नुसत्या स्पर्शाने तुटतात. तुटलेला पाय फेकू नये, त्याच नमुन्याच्या क्रमांकाच्या कुपीत ठेवावा.

अळी हाताशी असेल तर निम्मं काम तिथेच होतं. तुरीवरच्या पिसारी पतंगाची अळी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, हिरवट ते तपकिरी, अंगभर आखूड काटेरी केस असलेली. आधी ती शेंगेचा वरचा पापुद्रा खरवडते, मग बारीक भोक पाडून डोकं आत घालून दाणा खाते. पूर्ण अळी शेंगेत कधीच शिरत नाही. घाटे अळी तिच्या कितीतरी पट मोठी होते आणि तिची भोकंही मोठी, गोल. शेंगमाशीची अळी पांढरी, बिनपायाची, आणि ती शेंगेच्या आतच वाढते. पिसारी पतंगाचा कोश फसवा असतो. तोही तपकिरी आणि केसाळ, शेंगेला शेपटीकडून चिकटलेला, रेशमाचं आवरण नसलेला. पहिल्यांदा बघणारा त्याला मेलेली अळी समजून टाकून देतो.

अळीसकट शेंग तोडून जाळीच्या झाकणाच्या डबीत टिश्यू पेपरवर ठेवावी. पक्क्या झाकणाच्या डबीत शेंगेचा ओलावा साचतो, बुरशी येते आणि अळी मरते. शेंग सुकली की ताजी द्यावी. कधी पतंगाऐवजी डबीतून बारीक गांधीलमाशी बाहेर येते. ती अळीवर वाढलेली परजीवी असते, तिचाही नमुना जपण्यासारखा. पतंग बाहेर आला तर घाई करू नये. पंख पूर्ण ताणले जाऊन वाळायला काही तास द्यावेत, मग रात्रभर फ्रीझरमध्ये. लगेच गोठवला तर पिसं एकमेकांना चिकटलेलीच राहतात आणि पुढे सुईने सोडवताना फाटतात. अख्खा पतंग अल्कोहोलमध्येही टाकू नये, झालर चोपडी होऊन तिसऱ्या पिसावरचा दात ओळखू येत नाही. फक्त एक पाय काढून ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी.

जातीचा निकाल बहुतेक वेळा पोटाच्या टोकाशी लागतो. नर आणि मादीच्या जननांगांतले कठीण भाग जातीगणिक वेगळे असतात, म्हणून पोट काढून उघडावं लागतं. सुकलेल्या नमुन्याचं पोट बारीक चिमट्याने वर उचलून अलगद मोडायचं. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात घालून परीक्षानळी गरम पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं उभी करायची, किंवा न तापवता रात्रभर ठेवायची. हे द्रावण कातडी भाजतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच. आतले मऊ भाग विरघळतात, कठीण भाग उरतात. जास्त वेळ राहिलं तर तेही फिके आणि लिबलिबीत होतात, कमी राहिलं तर स्नायू चिकटून राहतात आणि ओढताना जननांगाची बाजूची झडप फाटते. त्यानंतर पोट पाण्यात घेऊन आखूड कापलेल्या ब्रशने खवले झाडायचे. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण इथे कसूर झाली तर पुढे काचपट्टीवर प्रत्येक रेषेआड एकेक खवला आडवा येतो.

आता इथे जरा थांबायचं. नराच्या जननांगाला दोन बाजूंना दोन झडपा असतात. बहुतेक पतंगांत त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. पिसारी पतंगांच्या अनेक जातींत मात्र डावी झडप एक आणि उजवी दुसरीच असते, आणि जातीची खूण नेमकी त्या फरकात असते. म्हणून तुकडा काचपट्टीवर चेपण्याआधी ग्लिसरीनच्या थेंबात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहावा आणि तसंच चित्र काढावं. काचपट्टीवर तुकडा उलटा बसला, तर डावं ते उजवं होतं. त्यात काही सूक्ष्मदर्शक प्रतिमा उलटी दाखवतात, आणि फोटो संगणकावर आडवा उलटला तरी पत्ता लागत नाही. अशी अदलाबदल झाली की जुनीच जात ‘नवी’ म्हणून जाहीर व्हायला वेळ लागत नाही. काचपट्टीच्या लेबलावर ‘पोटाची बाजू वर’ एवढं लिहिलं तरी पुढच्याचा घोळ वाचतो. मादीत हा प्रश्न कमी. तिथे शुक्रपिशवी आणि तिच्या भिंतीवरच्या कठीण ठिपक्यांचा आकार बघतात.

डीएनएचा ६५८ अक्षरांचा ठरावीक तुकडा वाचून जुळवणं हल्ली सोपं झालंय. दोन टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वेगळी जात, असा ढोबळ अंदाज अनेक जण वापरतात. अंदाज म्हणून तो ठीक, नियम म्हणून नाही. नमुन्यात परजीवी माशीची अळी असेल तर तिचाच डीएनए वाचला जाऊ शकतो, वोल्बाकिया हा जीवाणू दोन जातींमधली सीमा पुसट करू शकतो, आणि डीएनएच्या सार्वजनिक साठ्यातल्या नावांतही चुका असतात. चुकीच्या नावाशी शंभर टक्के जुळलं, तर मिळतं ते चुकीचंच नाव.

जुन्या साहित्यात शोधणाऱ्यांची इथे एक ठरलेली निराशा होते. हॅम्पसन यांचे भारतातल्या पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ दरम्यान निघाले, पण त्यांत पिसारी पतंग नाहीत. बिहारमधल्या पुसा इथे काम केलेल्या बेनब्रिग फ्लेचर यांनी १९२० साली या पतंगांची जीवनचक्रं खाद्यवनस्पतींसकट मांडली. भारतातल्या जाती शोधायच्या तर तिथून सुरुवात करणं शहाणपणाचं. तुरीच्या पतंगाला अ‍ॅटोमोसा हे नाव लॉर्ड वॉल्सिंगहॅम यांनी दिलं. त्यांचा संग्रह लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. शास्त्रीय नावापुढे त्यांचं नाव कंसात दिसतं, त्याचा अर्थ असा, की वर्णन झालं तेव्हा ही जात दुसऱ्या प्रजातीत होती.

कशाशीच जुळत नाही म्हणून नवी जात मांडायची, तर नियम कडक आहेत. १९९९ नंतरच्या वर्णनात मूळ नमुना (किंवा नमुने) स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार, ते लिहावं लागतं. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीची माहिती आणि नमुना सरकारने नेमलेल्या भांडारात द्यावा लागतो. अभयारण्यात गोळा करायचं तर वन खात्याची परवानगी आधी, जाळी नंतर. एवढा पुरावा नसेल, तर ‘एक्झेलास्टिस, जात अनिश्चित’ असं लिहून थांबावं. त्यात कमीपणा काही नाही. उलट ठोकून दिलेलं जातीचं नाव पुढच्या दहा याद्यांत शिरतं आणि तिथून काढता येत नाही.

शेवटचं काम लेबलाचं. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, गोळा करणाऱ्याचं नाव. तारखेत महिना रोमन आकड्यांत लिहायची पद्धत आहे, कारण ५/११ म्हणजे आपल्याकडे पाच नोव्हेंबर आणि अमेरिकेत अकरा मे. आणि वनस्पतीपुढे नुसतं ‘तूर’ लिहू नये. पतंग तुरीवर बसलेला सापडला, की तुरीच्या शेंगेवरच्या अळीपासून वाढवला, ते शब्दांत लिहावं. बांधावरच्या घाणेरीतून उडालेला पतंग तुरीच्या पानावर टेकायला एक झुळूक पुरते.