सीडी रिपिंग आणि तीस सॅम्पलांचा वाद

ऑडिओ सीडीवर फाइल नसते. रिपिंगच्या, म्हणजे सीडीवरचे गाणे फाइल करून संगणकात उतरवण्याच्या, बहुतेक कटकटींचे मूळ तिथे आहे. १९८० साली ठरलेली रचना सरळ वाजवण्यासाठी होती: सेकंदाला ७५ सेक्टर (ठरावीक आकाराचे तुकडे), सेक्टरमध्ये २३५२ बाइट, म्हणजे ५८८ स्टीरिओ सॅम्पल (आवाजाच्या एकेका क्षणाची मोजणी). नंतर डेटा सीडी आली तेव्हा त्याच २३५२ पैकी २०४८ बाइट माहितीसाठी ठेवले आणि उरलेल्यांत नेमका पत्ता व चूकदुरुस्तीचा जादा थर बसवला. ऑडिओ सीडीला मूळची चूकदुरुस्ती आहे, हा दुसरा थर नाही. ती अपुरी पडली की प्लेअर शेजारच्या सॅम्पलांवरून अंदाज बांधतो आणि पुढे जातो. ऐकणाऱ्याला बहुधा पत्ता लागत नाही. रिप करणाऱ्याच्या फाइलमध्ये मात्र तो अंदाजच खरा माल म्हणून जाऊन बसतो.

सुरुवातीला ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक ॲनालॉग वायर असे आणि गाणे वाजवूनच रेकॉर्ड करावे लागे; ७४ मिनिटांच्या सीडीला ७४ मिनिटे. थेट डिजिटल वाचन सुरू झाल्यावर दुसरीच भानगड निघाली. संगणक थोडे वाचून थांबतो, हार्ड डिस्कवर लिहितो, पुन्हा वाचायला जातो. ड्राइव्ह परत त्याच सॅम्पलवर उतरेलच असे नाही. सांध्यांवर टकटक ऐकू येई किंवा तुकडा गळून जाई. याला ‘जिटर’ म्हणायची पद्धत पडली आणि तिने बराच गोंधळ घातला, कारण ध्वनियंत्रांत जिटर म्हणजे घड्याळाच्या ठोक्यांतली अनियमितता. ती फाइलमध्ये येतच नाही. रिपिंगमधला जिटर म्हणजे निव्वळ जागा चुकणे. प्रत्येक वाचन आधीच्या वाचनावर थोडे चढवून जुळवले की तो जातो, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या मोफत रिपरांनी (रिपिंगच्या प्रोग्रामांनी) नेमके हेच केले. पुढचे बरेचसे ड्राइव्ह जागा सोडेनासे झाले, तेव्हा हा प्रश्न आपोआप मिटला.

मग आले काटेकोर वाचन: प्रत्येक भाग किमान दोनदा वाचायचा, जुळला नाही तर १६ वेळा, आणि त्यातली ८ वाचने सारखी आली तर तो खरा मानायचा. यात दोन खड्डे आहेत. ड्राइव्हची कॅश (नुकतेच वाचलेले धरून ठेवणारी मेमरी) रिकामी केली नाही तर दुसरे वाचन डिस्कवरून न होता कॅशमधून होते आणि अर्थातच जुळते. शिवाय सी२ चुकांचा (मूळच्या चूकदुरुस्तीला न आवरलेल्या चुकांचा) अहवाल देणारे सगळेच ड्राइव्ह प्रामाणिक नसतात. काही चूक होऊनही गप्प राहतात. तुमच्या ड्राइव्हची खात्री नसेल तर सी२ बंद ठेवा आणि वेळ जाऊ द्या.

एवढे करूनही दोन जणांच्या दोन फाइली जुळत नव्हत्या, आणि त्याचे कारण ऑफसेट. मागितलेल्या जागेपासून ड्राइव्ह किती सॅम्पल पुढेमागे वाचतो तो हा आकडा. एका मॉडेलचा तो कायम असतो: कोणाचा +६, कोणाचा +१०२, कोणाचा +६६७. यातला सर्वांत मोठाही जेमतेम १५ मिलिसेकंद होतो, कानाला काही फरक पडत नाही. चेकसम (फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) मात्र साफ बदलतो. म्हणून ऑफसेट भरून काढायचा. आकडा अधिक चिन्हाचा (+) असेल तर शेवटच्या ट्रॅकसाठी संगीत संपल्यानंतरच्या लीड-आउटमध्ये वाचावे लागते. पुष्कळ ड्राइव्ह त्याला नकार देतात आणि रिपर तिथे शांतता भरतो. चेकसम जुळवणारा सार्वजनिक डेटाबेस सीडीच्या दोन्ही टोकांचे सुमारे पाच-पाच सेक्टर हिशेबात धरत नाही, तो यामुळेच.

पण +६ म्हणजे कशापासून +६? हे शून्य एका रिपरच्या कर्त्याने आपल्या हाताशी असलेल्या ड्राइव्ह आणि डिस्कवरून ठरवले होते. पुढे दुसऱ्या पद्धतीने मोजणाऱ्यांनी दाखवले की ते ३० सॅम्पलांनी चुकले आहे. तोवर शेकडो मॉडेलांचे आकडे त्या शून्यावर बेतले होते आणि डेटाबेसमधले चेकसमही त्याच्यावरच उभे होते. शून्य हलवले असते तर सगळे कालबाह्य. ते हलवले नाही.

यावर झालेली भांडणे आज वाचताना गंमत वाटते, पण बाजू दोन्हीकडे होती. बदल मागणाऱ्यांचे म्हणणे असे की अचूकतेच्या नावाने उभ्या केलेल्या संग्रहात पायाच चुकीचा ठेवणे बरे नाही. तत्त्व म्हणून ते खरेच आहे. मात्र ३० सॅम्पल म्हणजे ०.७ मिलिसेकंदही नाही. त्याहून मोठा मुद्दा या वादात फारसा कोणी धरून ठेवला नाही: डिस्कचे ठसे काढणारे कारखानेच एकमेकांशी जुळत नाहीत. एकच अल्बम दोन ठिकाणी दाबला की ट्रॅकच्या सीमा शेकडो सॅम्पलांनी सरकलेल्या सापडतात. मग ‘खरे शून्य’ फार तर मोजण्याच्या यंत्राचे. संगीताचे असे शून्य कुठे लिहिलेलेच नाही. सगळ्यांनी एकच चूक सारखी पाळली तर तुलना होते, आणि ऑफसेटचे काम तुलनेपुरतेच आहे. निर्णय योग्य होता. ऑफसेटचा आकडा आपला रिपर जी यादी मानतो तिच्यातूनच घ्यावा, दोन पद्धतींचे आकडे मिसळू नयेत. डिस्क जुळत नसेल तर लगेच ड्राइव्हला दोष देऊ नका, आधी वेगळी आवृत्ती आहे का ते पाहा.

२००१ नंतरच्या काही वर्षांत संगीत कंपन्यांनी रिपिंग अडवायला मुद्दाम बिघडवलेल्या ‘संरक्षित’ डिस्क काढल्या. त्यांतल्या काही २००२ मध्ये बाहेरच्या कडेला मार्करने रेघ ओढून निष्प्रभ करता आल्या. २००५ मध्ये एका प्रकारच्या डिस्कने गिऱ्हाइकाच्या संगणकात लपणारी प्रणालीच घुसवली, आणि या उद्योगाची उरलीसुरली अब्रू गेली.

फॉरमॅटचा इतिहास जागेच्या टंचाईचा आहे. १९९८ च्या पहिल्या खिशातल्या प्लेअरांत ३२ मेगाबाइट जागा होती. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ ची त्यात ३३ मिनिटे मावत. १२८ ला ‘सीडी क्वालिटी’ म्हणणे त्या काळी रूढ होते. सीडीचा दर १४११ आहे, म्हणजे हे अकरावा हिस्सा. त्यातून त्या वेळचा एक लोकप्रिय वेगवान एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) १६ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे छाटून टाकी. झांजा पाण्यात वाजल्यासारख्या येत, आणि दोष मात्र एमपी३ ला मिळे. लेम हा एन्कोडर सुधारत गेला तसा व्हेरिएबल बिटरेट (संगीताच्या गरजेप्रमाणे बदलणारा दर) भरवशाचा झाला: त्याच्या व्ही२ या दर्जाला सरासरी १९० च्या आसपास, व्ही० ला २४५ च्या आसपास. जुने प्लेअर अशा फाइलची लांबी चुकीची दाखवत, कारण ते पहिल्या फ्रेमच्या बिटरेटवरून भागाकार करत. पहिल्या फ्रेममध्ये लांबी सांगणारे खास हेडर असेल आणि प्लेअरला ते वाचता येत असेल तरच वेळ बरोबर येते.

सलग वाजणाऱ्या अल्बममध्ये ट्रॅकमधली उचकी याच कुळातली. एमपी३ च्या फ्रेममध्ये ११५२ सॅम्पल असतात, अपुरी फ्रेम शून्यांनी भरली जाते. शिवाय लेमचे ५७६ आणि डीकोडरचे ५२९ सॅम्पल सुरुवातीला वाढतात. लेम हा हिशेब आपल्या टॅगमध्ये लिहून ठेवतो. प्लेअरने तो वाचलाच नाही तर ३२० ची फाइलही उचकी देणारच.

फ्लॅक या बिनहानी (आवाजातले काही न गमावता आवळणाऱ्या) फॉरमॅटची पहिली पूर्ण आवृत्ती २००१ मध्ये आली. त्याच वर्षी ५ गिगाबाइट हार्ड डिस्कचा खिशातला प्लेअर आला आणि हिशेब जागेकडून बॅटरीकडे सरकला. त्याच्या ३२ मेगाबाइट मेमरीत १९२ केबीपीएसचे सुमारे २२ मिनिटांचे संगीत मावे, तोवर डिस्क झोपलेली. ९०० च्या आसपासची बिनहानी फाइल तीच मेमरी पाच मिनिटांत संपवते, म्हणजे डिस्क चौपटीहून जास्त वेळा जागी होणार. मोठी फ्लॅश मेमरी आल्यावर ही अडचण राहिली नाही. फ्लॅकचे ० ते ८ स्तर आवाज बदलत नाहीत, फक्त फाइल किती आवळायची ते ठरवतात. ८ घेतला तरी प्लेअरवर फारसा भार पडत नाही.

एमपी३ चे परवाने देणे २०१७ मध्ये थांबले. २०१२ चा ओपस हा फॉरमॅट त्याच आवाजाला बराच कमी बिटरेट घेतो, पण आतून ४८ किलोहर्ट्झवर चालतो, सीडीचे ४४.१ आधी बदलून घेतले जाते. ऐकण्यात अडचण येत नाही, जुन्या प्लेअरवर मात्र तो बहुधा वाजत नाही. म्हणून फ्लॅक घरच्या डिस्कवर ठेवावा आणि प्लेअरसाठी त्यातूनच हवा तो फॉरमॅट काढावा. एमपी३ वरून ओपस केला तर पहिल्याची हानी राहते आणि दुसऱ्याची तिच्यावर चढते. आणि १९८० च्या दशकातली एखादी डिस्क रिप झाल्यावर कर्कश वाटली तर प्री-एम्फसिसची (वरचे स्वर मुद्दाम वाढवून नोंदल्याची) खूण तपासा. कधी ती डिस्कच्या अनुक्रमणिकेत नसते, फक्त ट्रॅकच्या सबकोडमध्ये (आवाजासोबत लिहिलेल्या जादा माहितीत) असते, आणि पुष्कळ रिपर तिथे पाहतच नाहीत.