घरातच सुरू होणारे श्रवण आणि वाचन : पार्श्वभूमी

बाळाला ऐकू येत नसल्याची शंका आली, तर लवकर तपासणी करावी, श्रवणयंत्र लावावे आणि घरी त्याच्याशी सतत बोलावे, असा सल्ला आज सोलापुरातल्या पालकांनाही मिळतो. मात्र आईवडिलांनी स्वतः शिकवावे हा विचार फार जुना नाही. कर्णबधिरांच्या शिक्षणावर इटलीत भरलेल्या १८८० च्या मिलान परिषदेने खुणांच्या भाषेपेक्षा तोंडी भाषेला श्रेष्ठ ठरवले आणि त्याच दशकात मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. त्या काळी शिक्षणाचा सारा भार शाळेवर असे. मूल शाळेत येऊन ओठ पाहत एकेक ध्वनी गिरवू लागेपर्यंत भाषा रुजण्याची मोलाची वर्षे सरलेली असत. खुणांना मज्जाव करण्याची ती कठोरता आज समर्थनीय वाटत नाही.

पालकांकडे लक्ष वळवण्यात अमेरिकेतील एक आई, लुईस ट्रेसी, यांचा मोठा वाटा आहे. आपला मुलगा कर्णबधिर असल्याचे कळल्यावर त्यांनी त्याला घरीच शिकवले, १९४२ मध्ये लॉस एंजेलिसला अशा मुलांच्या पालकांसाठी केंद्र काढले आणि पुढे दूरच्या पालकांना टपालाने मोफत पाठ पाठवले. १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टरमुळे श्रवणयंत्रे लहान झाली, आणि उरलेल्या श्रवणशक्तीचा उपयोग करून घेणे तान्ह्या मुलांच्या बाबतीतही शक्य झाले. चेन्नईच्या ‘बालविद्यालय’ या कर्णबधिर मुलांच्या शाळेने १९६९ पासून आईला सोबत बसवून शिकवण्याची पद्धत रुजवली. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा अधिक चांगली वाढते, हे अमेरिकेतील कोलोराडो येथील १९९८ च्या अभ्यासाने दाखवले. आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश झाला.

सोलापूरच्या घरांपुढचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. यंत्रमागांच्या वस्तीत श्रवणयंत्र मागांचा खडखडाटही मोठा करते, त्यामुळे दुरून हाक मारण्यापेक्षा बाळाच्या जवळ येऊन नेहमीच्या आवाजात बोलणे उपयोगी ठरते. घरी बसून विड्या वळणारी आई हाताने काम करता करता पान, कात्री, दोरा यांविषयी बोलू शकते. शिकवण्यासाठी वेगळे साहित्य लागतेच असे नाही. अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. शाळा मराठी आहे म्हणून घरची भाषा बंद करा, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. ज्या भाषेत आई सहज आणि भरपूर बोलते, तीच मुलाची पहिली भाषा असावी, हे मत मला अधिक पटते.

वाचनाची वाटही याच बोलण्यातून निघते. बाराखडी आधी आणि अर्थ नंतर, हा क्रम कर्णबधिर मुलाला जड जातो, कारण प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात आणि ‘स’सारखा उंच पट्टीचा ध्वनी पुष्कळदा ऐकूच येत नाही. म्हणून दिवसभरात घडलेली गोष्ट चित्रासह वहीत लिहून ती मुलासोबत वाचण्याचा प्रघात पडला. मराठीत ला, ने, चा हे प्रत्यय शब्दाच्या शेवटी हलकेच उच्चारले जातात आणि नेमके तेच मुलाच्या कानातून निसटतात. ‘आजी बाजार गेली’ असे तुटक बोलण्याची सवय त्यातूनच लागते. ‘आजी बाजाराला गेली’ हे पूर्ण वाक्य वहीत रोज डोळ्यांसमोर आले, की ऐकताना निसटलेला प्रत्यय मुलाला दिसू लागतो.